अपाचे सोर्समधून बांधताना मॉड्यूलची यादी आटोपशीर कशी ठेवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून लावला आहे. दोन कोअर, २ जीबी रॅम, वर डेबियन लिनक्स. पोलीस भरती आणि एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ, आणि पीएचपीत लिहिलेली एक सराव चाचणी, एवढंच त्यावर चालतं. मुलं वायफायवरून वापरतात, बाहेरचं इंटरनेट लागत नाही. अपाचे २.४ हा वेब सर्व्हर सोर्समधून, म्हणजे मूळ कोड कंपाइल करून, बांधला आहे. ऑप्शन न देता बांधला की ढीगभर मॉड्यूल (सर्व्हरला एकेक जादा काम शिकवणारे भाग) तयार होतात. कधी एखादं हवं असलेलं मॉड्यूल न सांगता गळतं, कधी बांधणीच अडते. शेजारच्या दोन गावांतही हाच संच लावायचा आहे, तर कॉन्फिगरचे (काय बांधायचं ते ठरवणाऱ्या स्क्रिप्टचे) ऑप्शन कमीत कमी आणि समजण्यासारखे कसे ठेवायचे?

(खालचे ऑप्शन आणि डायरेक्टिव्ह, म्हणजे सेटिंग फाइलीतल्या सूचना, देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

आधी एक विचारून घ्या: सोर्समधून बांधायची खरंच गरज आहे का? डेबियनचं पॅकेज घेतलं तर सगळी मॉड्यूल बांधून मिळतात आणि ‘ए२एनमॉड’, ‘ए२डिसमॉड’ या दोन कमांडवर चालू-बंद होतात. पॅकेजचा आवृत्ती क्रमांक जुना दिसतो म्हणून पुष्कळजण ते टाळतात, पण डेबियन सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच जुन्या क्रमांकाच्या आवृत्तीत आणून बसवतं. वेगळ्या फोल्डरमध्ये स्वतंत्र संच हवा असेल, पॅकेजात नसलेली नवी आवृत्ती हवी असेल किंवा शिकायचं असेल, तर बांधा. पुढचं सगळं तसं ठरलं आहे असं धरून.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत: मॉड्यूल बांधणं आणि मॉड्यूल चढवणं. २०१२ साली आलेल्या २.४ मध्ये मॉड्यूल आपोआप वेगळ्या फाइली म्हणून बांधली जातात, ‘.एसओ’ शेपटीच्या, आणि ‘मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये जाऊन पडतात. सर्व्हर सुरू होताना ‘एचटीटीपीडी.कॉन्फ’ या मुख्य सेटिंग फाइलीत ज्यांची ‘लोडमॉड्यूल’ ओळ उघडी आहे, तेवढीच मेमरीत येतात. बाकीच्या ओळी पुढे # लावून बंद ठेवलेल्या असतात. म्हणजे बांधलेलं पण न चढवलेलं मॉड्यूल फक्त डिस्कवर थोडी जागा खातं. २.२ च्या काळात बरीच मॉड्यूल थेट मुख्य प्रोग्रामच्या पोटात जात, तेव्हा ‘डिफॉल्ट बिल्ड जड आहे’ या तक्रारीत अर्थ होता. आज यादी लहान करण्याचं कारण वजन हे नव्हे. कारण हे की, पुष्कळशी जादा मॉड्यूल बांधणीच्या वेळी कुठली ना कुठली लायब्ररी मागतात, आणि प्रत्येक चढवलेलं मॉड्यूल बाहेरच्या माणसाला आणखी एक दार देतं.

आता ते गट. कॉन्फिगरला ‘फ्यू’, ‘मोस्ट’, ‘ऑल’, ‘रिअलीऑल’ आणि ‘नन’ असे शब्द देता येतात. काहीच न सांगितलं तर ‘मोस्ट’ लागू होतो. ‘रिअलीऑल’मध्ये डेव्हलपरच्या चाचणीची मॉड्यूलही येतात, त्याकडे फिरकू नका. कुठलं मॉड्यूल कोणत्या गटात, हे सोर्समधल्या ‘मॉड्यूल्स’ फोल्डरच्या आत प्रत्येक उपफोल्डरमधल्या ‘कॉन्फिग.एम४’ फाइलीत लिहिलेलं असतं. ते पाठ करायची गरज नाही. कॉन्फिगर चालताना स्क्रीनवर ‘चेकिंग व्हेदर टू एनेबल’ अशी ओळ प्रत्येक मॉड्यूलसाठी येते. त्या ओळीच्या शेवटी ‘शेअर्ड’ (वेगळी फाइल), ‘स्टॅटिक’ (मुख्य प्रोग्रामच्या पोटात) किंवा ‘नो’ असतं, आणि गटामुळे निवड झाली असेल तर कंसात गटाचं नावही असतं. कॉन्फिगरचा सगळा आउटपुट ‘टी’ (टी-ई-ई) कमांडने एका फाइलीत उतरवून घ्या आणि नंतर त्यातून ह्या ओळी ग्रेपने वेगळ्या काढा. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

मॉड्यूल न सांगता गळतं ते नेमकं इथे. एखादं मॉड्यूल गटातून आलं असेल आणि त्याला लागणारी लायब्ररी किंवा त्याच्या आधी लागणारं दुसरं मॉड्यूल सापडलं नाही, तर कॉन्फिगर ते गुपचूप वगळून पुढे जातं. तेच मॉड्यूल तुम्ही नाव घेऊन मागितलं असेल तर कॉन्फिगर तिथेच थांबतं आणि सांगतं की मागितलेलं मॉड्यूल पूर्वअटी न जुळल्यामुळे बांधता येत नाही. उदाहरण एसएसएलचं, म्हणजे एचटीटीपीएस चालवणाऱ्या मॉड्यूलचं. मशीनवर ओपनएसएसएलचं डेव्ह पॅकेज (बांधणीसाठी लागणाऱ्या फाइलींचं) नाही आणि तुम्ही ‘मोस्ट’वर विसंबून आहात, तर बांधणी हसतखेळत पूर्ण होईल. एसएसएल मॉड्यूल मात्र नसेल, आणि ते तुम्हाला कळेल सर्व्हर सुरू करताना. म्हणून बांधणी अडली याचा राग मानू नका. अडणारी बांधणीच चांगली, ती चूक जागेवर दाखवते. दोन-तीन गावांत एकच संच न्यायचा असेल तर गटाचे शब्द सोडून द्या आणि लागणाऱ्या मॉड्यूलची नावंच लिहा. कॉन्फिगरची ओळ लांब होते, पण ती वाचणाऱ्या प्रत्येकाला समजते आणि प्रत्येक मशीनवर तोच संच देते किंवा ओरडून थांबते.

मग नावं कुठली? मॉड्यूलच्या याद्या चाळत बसू नका, तुमच्या कॉन्फ फाइलीकडे बघा. प्रत्येक डायरेक्टिव्ह कुठल्या तरी एका मॉड्यूलची असते आणि अपाचेच्या दस्तऐवजात प्रत्येकीखाली मॉड्यूलचं नाव दिलेलं असतं. किमान संच घेऊन ‘एचटीटीपीडी -टी’ (लहान टी) चालवा. न ओळखलेली पहिली डायरेक्टिव्ह दाखवून ते थांबेल, तिचं मॉड्यूल जोडा, पुन्हा चालवा. अभ्यासिकेसारख्या ठिकाणी पाच-सात फेऱ्यांत यादी पुरी होते.

तुमच्यासाठी ती यादी अशी निघते. ‘युनिक्सडी’, ‘ऑथझेड_कोअर’, ‘ऑथझेड_होस्ट’, ‘लॉग_कॉन्फिग’, ‘माइम’, ‘डिर’, ‘एलिअस’, ‘हेडर्स’, ‘रिक्वेस्टटाइमआउट’ (फाइलीतलं नाव ‘रेकटाइमआउट’), ‘रिराइट’, ‘प्रॉक्सी’, ‘प्रॉक्सी_एफसीजीआय’ (शेवटची दोन पीएचपी-एफपीएमशी, म्हणजे पीएचपी वेगळी चालवणाऱ्या सेवेशी, बोलायला). चाचणीच्या अॅडमिन पानाला पासवर्ड लावला असेल तर आणखी चार: ‘ऑथ_बेसिक’, ‘ऑथएन_कोअर’, ‘ऑथएन_फाइल’, ‘ऑथझेड_युजर’. हे चारही एकत्रच लागतात. शेवटचं राहिलं तर ‘रिक्वायर व्हॅलिड-युजर’ ओळीवर सर्व्हर ‘अननोन ऑथझेड प्रोव्हायडर’ म्हणून अडतो, आणि पासवर्डची फाइलच चुकली असं समजून माणूस भलतीकडे शोधत बसतो.

यातली काही मॉड्यूल फालतू वाटतात पण काढायची नाहीत. ‘युनिक्सडी’ काढलं तर रूट म्हणून सुरू झालेला सर्व्हर आपले अधिकार खाली उतरवू शकत नाही, आणि ‘एएच००१३६’ क्रमांकाची चूक देऊन सुरूच होत नाही. ‘डिर’ नसेल तर नुसता पत्ता टाकल्यावर मुखपृष्ठ येत नाही. ‘माइम’ नसेल तर सर्व्हर चालतो पण सीएसएस आणि पीडीएफचे प्रकार ब्राउझरला नीट कळत नाहीत, पान विस्कटलेलं दिसतं आणि दोष एचटीएमएलला जातो.

‘डिफ्लेट’ (पानं दाबून पाठवणारं मॉड्यूल) मी यादीत मुद्दाम घातलेलं नाही. पीडीएफ आतून बहुतेक आधीच दाबलेली असते, आणि गावातल्या वायफायवर चार-पाच केबीचं पान दाबून पाठवण्यात जुन्या प्रोसेसरला उगाच कामाला लावणं आलं. बाहेरच्या इंटरनेटवरून साइट दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक लक्षात ठेवा: ‘अॅडआउटपुटफिल्टरबायटाइप’ ही डायरेक्टिव्ह २.४ मध्ये ‘फिल्टर’ मॉड्यूलची आहे, ‘डिफ्लेट’ची नाही. ‘डिफ्लेट’ एकटं जोडून चूक जात नाही म्हणून वैतागलेले लोक पुष्कळ.

एसएसएलचं सरसकट सांगता येत नाही. मुलं लॉगिन करत असतील तर वायफायवर पासवर्ड उघडा जाऊ नये, म्हणून ते हवंच. मग स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र आणि ब्राउझरचा इशारा, हेही आलं. नुसत्या प्रश्नपत्रिका वाचायच्या असतील तर सोडून द्या. ठेवलंत तर ‘एसएसएल’बरोबर ‘सोकॅश_एसएचएमसीबी’ही नाव घेऊन मागा, कारण नमुना कॉन्फमधली सेशन कॅशची ओळ त्याच्यावर चालते.

आता प्रत्यक्ष बांधणी. लागणारी पॅकेजं: ‘बिल्ड-एसेन्शियल’, ‘लिबएपीआर१-डेव्ह’, ‘लिबएपीआरयूटिल१-डेव्ह’, ‘लिबपीसीआरई२-डेव्ह’, आणि एसएसएल हवं असेल तरच ‘लिबएसएसएल-डेव्ह’. पीसीआरई (मजकुराचे नमुने जुळवणारी लायब्ररी) नसेल तर कॉन्फिगर कुठल्याच गटात पुढे जाणार नाही, ती मॉड्यूलची नव्हे तर मुळाची गरज आहे. सोर्सची दाबलेली फाइल दहा एमबीच्या आत आहे, पण मोबाइलच्या नेटवर अर्धवट उतरते. उतरली की शा-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) जुळवून बघा, मगच उघडा.

कॉन्फिगरचे ऑप्शन फक्त चार:

--प्रीफिक्स=/ऑप्ट/एचटीटीपीडी-२.४
--विथ-एमपीएम=इव्हेंट
--एनेबल-मॉड्यूल्स=नन
--एनेबल-मॉड्स-शेअर्ड="युनिक्सडी ऑथझेड_कोअर ऑथझेड_होस्ट लॉग_कॉन्फिग माइम डिर एलिअस हेडर्स रेकटाइमआउट रिराइट प्रॉक्सी प्रॉक्सी_एफसीजीआय"

पहिला ऑप्शन कुठल्या फोल्डरमध्ये बसवायचं ते सांगतो, दुसरा एमपीएम, म्हणजे जोडण्या सांभाळणारा भाग, निवडतो, तिसरा सगळी पाटी कोरी करतो, चौथा तुमची नावं त्यावर लिहितो. चौथ्यात नावं देताना ‘मॉड_’ हा पुढचा भाग लावायचा नाही आणि सगळी यादी अवतरण चिन्हात ठेवायची. चिन्ह विसरलं तर फक्त पहिलं नाव धरलं जातं आणि बाकीची नावं कॉन्फिगरला वेगळीच वाटतात. ‘प्रॉक्सी_एफसीजीआय’ मागितलं आणि ‘प्रॉक्सी’ विसरलात तर बांधणी थांबेल, कारण एक दुसऱ्यावर उभं आहे. एक स्टॅटिक करून दुसरं शेअर्ड ठेवायच्या भानगडीतही पडू नका: ‘प्रॉक्सी_एफसीजीआय’ स्टॅटिक असेल तर ज्यावर ते उभं आहे ते ‘प्रॉक्सी’ही स्टॅटिकच लागतं. सगळी शेअर्ड ठेवा. उद्या एखादं काढायचं तर एक ओळ बंद करून रिस्टार्ट, पुन्हा बांधणी नाही.

हे चार ऑप्शन एका छोट्या शेल फाइलीत लिहून ठेवा आणि प्रत्येक मॉड्यूल कशासाठी, ते वर शेरा म्हणून मराठीतच लिहा. तसंही कॉन्फिगर आपण दिलेले ऑप्शन ‘कॉन्फिग.नाइस’ नावाच्या फाइलीत उतरवतं आणि ‘मेक इन्स्टॉल’नंतर तिची प्रत प्रीफिक्सच्या ‘बिल्ड’ फोल्डरमध्ये जाते. सहा महिन्यांनी कोणी विचारलं ‘हा सर्व्हर कसा बांधला होता’, तर उत्तर तिथे आहे. नवी आवृत्ती आली की तीच फाइल नव्या सोर्स फोल्डरमध्ये ठेवून चालवायची. फक्त कारणं तीत नसतात, म्हणून शेऱ्यांची फाइल वेगळी लागते.

‘मेक’ला ‘-जे२’ द्या, त्याहून जास्त नको.

मेकच्या मध्येच लाइन गेली तर काय होतं, हे आपल्याकडे महत्त्वाचं. मेक पुन्हा चालवला की तो झालेल्या फाइली सोडून पुढे जातो, हे खरं. पण वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल अर्धी किंवा रिकामी राहू शकते. मेक फक्त वेळ बघतो, आतलं बघत नाही. त्यामुळे तो तिला पूर्ण समजतो, आणि शेवटी जोडणीच्या वेळी ‘फाइल ट्रंकेटेड’ किंवा ‘फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड’ अशी चूक येते. ही मॉड्यूलच्या निवडीची चूक नव्हे, त्यासाठी यादीत हात घालू नका. ‘मेक क्लीन’ करून पुन्हा मेक करा. कॉन्फिगर परत चालवायची गरज नाही, ‘मेक क्लीन’ त्याचं काम पुसत नाही. पुसतं ते ‘मेक डिस्टक्लीन’.

जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला असेल तर लाइन आल्यावर घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं. मग सोर्सच्या फाइली ‘भविष्यातल्या’ ठरतात, मेक ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ म्हणतो आणि काय बांधायचं, काय नाही याचा त्याचा हिशेब चुकतो. त्याच कारणाने ‘अॅप्ट अपडेट’ही रुसतं. इंटरनेट नसलेल्या मशीनला वेळ आपोआप दुरुस्त करून घेता येत नाही, तेव्हा आधी सेल बदला, ‘डेट’ कमांडने वेळ बघा, मग बांधणीला बसा. आणि एप्रिल-मेमध्ये टिनाच्या खोलीत दुपारी बांधणी लावू नका. कंपायलर दर वेळी वेगळ्या फाइलीवर ‘इंटर्नल कंपायलर एरर’ देऊन पडत असेल तर ते तापलेल्या प्रोसेसरचं नाहीतर खराब रॅमचं लक्षण आहे. त्याच फाइलीवर पुन्हा पुन्हा पडत असेल तरच सोर्सकडे किंवा ऑप्शनकडे बघा.

बांधून झालं की तीन गोष्टी तपासा. ‘एचटीटीपीडी -एल’ (लहान एल) पोटात काय आहे ते दाखवतं. शेअर्ड बांधणीत तिथे कोअर (सर्व्हरचा गाभा), ‘सो’, ‘एचटीटीपी_कोअर’ आणि इव्हेंट एवढंच दिसायला हवं. ‘एचटीटीपीडी -एम’ (मोठा एम) चढलेली सगळी मॉड्यूल दाखवतं. आणि ‘मॉड्यूल्स’ फोल्डरमधल्या फाइली तुमच्या यादीशी जुळतात का ते बघा. तुम्ही नाव घेऊन बांधलेल्या मॉड्यूलचीही ‘लोडमॉड्यूल’ ओळ नमुना कॉन्फमध्ये बंद असू शकते. नेहमीची मूलभूत मॉड्यूल तेवढी उघडी असतात. ‘रिराइट’ आणि ‘प्रॉक्सी’च्या ओळींपुढचा # हाताने काढा.

जुन्याच प्रीफिक्सवर नवी बांधणी टाकली तर आणखी एक घोळ होतो. ‘मेक इन्स्टॉल’ जुनी ‘एचटीटीपीडी.कॉन्फ’ बदलत नाही, हे ठीकच. पण ‘मॉड्यूल्स’ फोल्डरमधल्या जुन्या फाइलीही काढत नाही. यादीतून वगळलेलं मॉड्यूल मागच्या बांधणीची फाइल आणि जुनी ‘लोडमॉड्यूल’ ओळ यांच्या जोरावर मजेत चालत राहतं, आणि तुम्ही समजता की ते काढलं. म्हणून प्रत्येक बांधणीला प्रीफिक्समध्ये नवा फोल्डर द्या आणि चालू फोल्डरकडे एक सिमलिंक (बोट दाखवणारं नाव) ठेवा. नवं बिघडलं तर सिमलिंक जुन्याकडे वळवून एका मिनिटात अभ्यासिका सुरू.

‘-टी’ने ‘सिंटॅक्स ओके’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते सगळं पकडत नाही. ‘सेटहँडलर’मध्ये पीएचपी-एफपीएमचा पत्ता लिहिलेली ओळ ‘-टी’ला चालते, कारण ‘सेटहँडलर’ कोअरची आहे. ‘प्रॉक्सी_एफसीजीआय’ चढलेलं नसेल तर चूक पहिलं पीएचपी पान उघडल्यावरच येते, एरर लॉगमध्ये ‘एएच०११४४’ म्हणून. याहून वाईट ‘इफमॉड्यूल’. मॉड्यूल असेल तर आतल्या ओळी लागू, नसेल तर मुकाट्याने सोडून द्यायच्या, असा तिचा अर्थ. वाटण्यासाठी बनवलेल्या नमुना फाइलीत ते ठीक आहे, पण तुमच्या स्वतःच्या फाइलीत ती चूक झाकते. नमुना कॉन्फमध्येच एक उदाहरण आहे: जुलै २०१६ मध्ये उघड झालेल्या ‘एचटीटीपॉक्सी’ दोषासाठी ‘प्रॉक्सी’ नावाचं हेडर काढून टाकणारी ओळ ‘हेडर्स’ मॉड्यूलच्या ‘इफमॉड्यूल’मध्ये गुंडाळलेली आहे. ‘हेडर्स’ वगळलं की ती ओळ नाहीशी होते आणि कुठेही अवाक्षर उमटत नाही. मॉड्यूल कमी करायला बसण्याआधी आपल्या फाइलीतले ‘इफमॉड्यूल’ काढून ओळी मोकळ्या करा. मग काय तुटतं ते ‘-टी’ सांगेल.

इंटरनेटवरच्या जुन्या नमुन्यांतून ‘ऑर्डर अलाउ,डिनाय’ अशा ओळी चिकटवलेल्या असतील तर त्यांच्यासाठी ‘अॅक्सेस_कॉम्पॅट’ जोडू नका, ओळीच बदला. ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ किंवा ‘रिक्वायर आयपी’ लिहा. जुनी आणि नवी पद्धत एकाच फाइलीत मिसळली की कोणाला परवानगी आहे आणि कोणाला नाही, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता रॅम. मॉड्यूल कमी करून २ जीबीच्या मशीनवर फार काही वाचेल, ही अपेक्षा सोडा. रॅम खातात एमपीएम आणि पीएचपी. पीएचपीचं अपाचेतलं मॉड्यूल वापरायचं तर बहुतेक वेळा ‘प्रीफोर्क’ लागतो. त्यात प्रत्येक जोडणीला एक पूर्ण प्रोसेस आणि प्रत्येकीच्या पोटात पीएचपी, मग ती फक्त पीडीएफ देत असली तरी. ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’चा प्रीफोर्कमधला डिफॉल्ट २५६ आहे. एका प्रोसेसला ठोकळ ३० एमबी धरले तरी साडेसात जीबी होतात. म्हणून ‘इव्हेंट’ आणि वेगळी पीएचपी-एफपीएम. इव्हेंटमध्ये ‘थ्रेड्सपरचाइल्ड’ २५ असू द्या आणि ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ ७५ करा. एफपीएममध्ये ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ ८ ते १०. तीस-चाळीस मुलं एकाच वेळी चाचणी सोडवत असली तरी ती सगळी एकाच सेकंदाला ‘सबमिट’ दाबत नाहीत.

इथे सोर्समधून बांधणाऱ्यांना हमखास भेटणारी अडचण: डेबियनच्या एफपीएमचं सॉकेट (दोन प्रोग्राम ज्यातून बोलतात ती फाइल) ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरचं असतं, आणि सोर्समधल्या अपाचेचा डिफॉल्ट युजर ‘डेमन’. दोघांचं जमत नाही, पान ५०३ देतं आणि लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येतं. कॉन्फमध्ये ‘युजर’ आणि ‘ग्रुप’ दोन्ही ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ करा. सॉकेटला ७७७ करून सोडवायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका.

‘मोअर दॅन वन एमपीएम लोडेड’ किंवा ‘नो एमपीएम लोडेड’ ही ‘एएच००५३४’ची चूक वर दिलेल्या बांधणीत यायचं कारण नाही, कारण इव्हेंट पोटातच आहे. डेबियनच्या पॅकेजची कॉन्फ उचलून इथे आणली असेल तर तीत एमपीएमची ‘लोडमॉड्यूल’ ओळ असते, ती काढा.

सुरक्षेच्या बाजूने काय वगळलं गेलं, तेही बघा. ‘इन्फो’, ‘डॅव्ह’, ‘युजरडिर’, ‘ऑटोइंडेक्स’, ‘सीजीआय’, ‘ल्युआ’ यांतलं एकही तुमच्या कामाचं नाही. ‘स्टेटस’ हवं असेल तर फक्त त्याच मशीनवरून दिसेल असं ‘रिक्वायर लोकल’ लावून ठेवा. वगळण्याचा फायदा कल्पनेतला नाही. ‘ल्युआ’ मॉड्यूलमध्ये २.४.५१ पर्यंत मेमरीचा गंभीर दोष होता (सीव्हीई-२०२१-४४७९०, जाहीर दोषांच्या यादीतला क्रमांक), ज्यांनी ते चढवलंच नव्हतं त्यांना त्याची झळ नव्हती. पण उलटही आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये २.४.४९ मधला फोल्डरबाहेरच्या फाइली वाचता येण्याचा दोष (सीव्हीई-२०२१-४१७७३) कोअरमध्येच होता. मॉड्यूल कितीही कमी केली तरी तो टळला नसता. फोल्डरांना ‘रिक्वायर ऑल डिनाइड’चं कुंपण असेल तर तो अडत होता, आणि सीजीआय चालू असेल तर नुसत्या फाइली वाचण्यावरून मशीनवर कमांड चालवण्यापर्यंत जात होता. २.४.५० ची दुरुस्ती अपुरी ठरली आणि लगोलग २.४.५१ काढावी लागली. सोर्समधून बांधणाऱ्याने अशा बातम्यांवर लक्ष ठेवणं आलंच, डेबियन ते तुमच्यासाठी करणार नाही. ‘प्रॉक्सी’ ठेवलं आहे तर ‘प्रॉक्सीरिक्वेस्ट्स’ कधीही ‘ऑन’ करू नका. एफपीएमशी बोलायला ते लागत नाही, आणि ऑन केलं तर तुमचं मशीन कोणाच्याही वाटेतला थांबा होतं.

पुढे एखादं मॉड्यूल लागलंच तर सगळं परत बांधायची गरज नाही. प्रीफिक्सच्या ‘बिन’मध्ये ‘एपीएक्सएस’ असतं. त्याच आवृत्तीच्या सोर्समधल्या त्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एपीएक्सएस -सी -आय -ए’ आणि मॉड्यूलची सी फाइल दिली की ते बांधून, ठेवून, ‘लोडमॉड्यूल’ ओळही जोडून देतं. ‘एक्स्पायर्स’सारख्या एका फाइलीच्या मॉड्यूलला हे छान चालतं. ‘एसएसएल’सारखं अनेक फाइलींचं आणि बाहेरच्या लायब्ररीवर उभं असलेलं मॉड्यूल मात्र ‘कॉन्फिग.नाइस’च्या यादीत नाव वाढवून पुन्हा बांधलेलं बरं. २.२ साठी बांधलेली फाइल २.४ मध्ये चढत नाही, तो प्रयत्नच करू नका.

कोणी एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर सुचवेल. तिथे ही गटांची भानगड नाही, ‘--विथ’ आणि ‘--विदाउट’ एवढंच. एसएसएल डिफॉल्टने बंद, रिराइट आणि जीझिप चालू, आणि पीसीआरई किंवा झेडलिब नसेल तर कॉन्फिगर थांबून मॉड्यूल कसं बंद करायचं तेही सांगतं. फिरती मॉड्यूल १.९.११ पासून, म्हणजे २०१६ पासून आहेत, पण ती मुख्य प्रोग्रामच्या आवृत्तीशी काटेकोर जुळावी लागतात. नुसत्या पीडीएफ वाटायच्या असत्या तर तेच घ्या म्हटलं असतं. सराव चाचणीचे रिराइट नियम आधीच अपाचेच्या ‘.एचटीअॅक्सेस’मध्ये लिहिलेले असतील तर ते सगळे परत लिहावे लागतील, कारण एन्जिनएक्स ती फाइल वाचतच नाही. अपाचेतही ती फाइल वाचली जावी म्हणून त्या फोल्डरला ‘अलाउओव्हरराइड’ द्यावा लागतो, २.४ मध्ये तो आपोआप ‘नन’ असतो.

शेजारच्या दोन गावांत परत बांधत बसू नका. तिन्ही मशीनवर डेबियनची तीच आवृत्ती आणि तोच ६४ बिटचा संच असेल तर ‘/ऑप्ट/एचटीटीपीडी-२.४’ हा फोल्डर टार करून पेनड्राइव्हवर न्या आणि त्याच ठिकाणी उघडा. जागा बदलायची नाही, प्रीफिक्स बांधणीतच कोरलेला असतो. तिथे डेव्ह पॅकेजं लागत नाहीत, पण चालवायची पॅकेजं (‘लिबएपीआर१’, ‘लिबएपीआरयूटिल१’, पीसीआरई२ ची लायब्ररी) लागतात. नेट नसलेल्या गावी त्यांच्या डेब फाइली पेनड्राइव्हवरच बरोबर न्या. पोचल्यावर ‘एलडीडी’ (कुठली लायब्ररी लागते आणि सापडते का ते दाखवणारी) कमांड आधी मुख्य प्रोग्रामवर आणि मग ‘मॉड्यूल्स’मधल्या प्रत्येक फाइलीवर चालवा. कुठे ‘नॉट फाउंड’ दिसलं तर समोर लिहिलेल्या लायब्ररीचं पॅकेज तिथे बसवा. ते नाव ओळखीचंच नसेल तर डेबियनची आवृत्ती वेगळी आहे, तेव्हा त्या मशीनवर शेल फाइल चालवून नव्याने बांधा.